बदामाची सत्ती

पत्ते चिकटू नयेत म्हणून पुण्यातल्या खोलीवर कुणी त्यांना पावडर चोळली, की मला अहमदपूरच्या लग्नमांडवातली दुपार आठवते. नववीतून शाळा सोडलेला मी समोर बसलेल्या दाजींचा भिडू होऊन मेंढीकोट खेळत होतो. उजवीकडं मामा होते, तेच मला पुण्याला कामावर नेणार होते. त्यांची बदामाची दश्शी पडली आणि "बदाम न्हाई" म्हणत मी ती हुकमानं कापली. दोनच पत्ते उरले, तेव्हा चौकटच्या राणीमागं बदामाची सत्ती दिसली. चुकूनही रंग लपवला तर कोट, म्हणजे अख्खा डाव हरला, हा आमच्याकडचा जुना नियम. शेवटी सगळे पत्ते एकदम पडतात, त्यात सत्ती खपली असती. पण कळलं असतं तर लबाड पोराला मामांनी कशाला नेलं असतं? मी सत्ती सतरंजीवर ठेवली. "मामा, चुकलो." "अन् मघाशी बदाम न्हाई म्हणला व्हतास की रे!" मामा कडाडले. दाजींनी आपले पत्ते टाकले. "भिडू माझा हाय. कोट आमच्यावर." मामांनी पत्ते गोळा केले. "सकाळची एसटी हाय. पिशवी भरून ठेव." आजही पत्ते हातात आले की मी आधी दोन्ही लाल रंग वेगवेगळे लावतो, मग समोर बघतो. तिथं दाजी नसतात.