तीन नंबरचा आवाज

माझा जीव मुळातच थाऱ्यावर नसतो. त्यात मी ट्रकसाठी स्कॅनर घेतला. स्टिअरिंगखालच्या खाचेत हे काडेपेटीएवढं यंत्र खोचलं, की इंजिनाची सगळी खबर मोबाइलवरच्या ॲपमध्ये येते. पाणी किती तापलं, बॅटरी कशी आहे, सगळं. ट्रक अंगणात उभा असला तरी मी तो चालू करून आकडे बघत बसे. बायको म्हणायची, एवढ्या वेळा तुम्ही पोराचा ताप तरी बघितला का?

अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, यातलं काही लागत नसे. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. दोन मिनिटांत तो दुखणं सांगायचा. हुमनाबादच्या ढाब्यांवर अनोळखी ड्रायव्हर त्याला जेवणावरून उठवून न्यायचे. ट्रक दोघांचा, लायसनही दोघांकडं, पण चालवायचा तोच. मी शेजारी बसून चुळबुळ करायचो.

त्या सकाळी गोदामातून माल भरून निघालो. हुमनाबाद जवळ आलं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. ॲप उघडलं, तर डिझेल फवारणाऱ्या तीन नंबरच्या इंजेक्टरमध्ये बिघाड. मी हातवारे करून ट्रक कडेला घ्यायला लावला. अण्णानं पेचकस काढला, इंजिनाला लावला आणि बराच वेळ ऐकलं.

"काय न्हाई. इंजिन साफ हाय."

साफ? मला दहा पावलांवरून टकटक ऐकू येत होती! मी चिडलो, पण खरं सांगतो, आतून खूशच होतो. एकदा तरी मी बरोबर आणि तो चूक.

"अण्णा, टकटक वाजायलंय की," मी त्याच्या मागून म्हणालो. तो पुन्हा पेचकसाला कान लावून बसला होता. मी परत म्हणालो, मग ओरडलोच. तो हलला नाही. खांद्यावर हात ठेवला, तेव्हा केवढ्यानं तरी दचकला.

त्यानं जाऊन इंजिन बंद केलं आणि चावी मुठीत धरून खाली उतरला. मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

"कधीपासून?"

तो माझ्या ओठांकडं बघत होता.

"दोन साल झाले. डाव्या कानानं कायच ऐकू येत न्हाई, उजव्यानंबी लई कमी. पेचकसाच्या मुठीत थरथर कळायची, तिच्यावर भागवायलो होतो. आता तेबी कळंना."

दोन वर्षं या हायवेवर मागून हॉर्न वाजत होते, आणि मी त्याच्या शेजारी बसून पाण्याचं तापमान बघत होतो. मला माझीच लाज वाटली.

"मग बोलला कामून न्हाईस?"

"बोललो असतो, तर ट्रक चालवू दिला असतास का?"

मी ट्रकभोवती दोन फेऱ्या मारल्या, उगाच टायरला लाथ घातली. गॅरेज जवळच होतं, तिथवर तरी ट्रक न्यायला हवा होता. चावी मी मागितली नव्हती. त्यानंच ती माझ्या हातावर ठेवली, वळसा घालून पलीकडं गेला आणि क्लीनरच्या बाजूनं वर चढला.