अप्पांनी धुतलेले मोजे

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत तिला सगळे प्लास्टरबाई म्हणत. पट्ट्या भिजवायच्या, साचे ओतायचे, वाळले की फोडायचे आणि शेवटी फरशी पुसायची, असे तिचे काम. संध्याकाळी ती घरात शिरली की आई म्हणायची, "आली बघा भिंत चालत." केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर पांढरी भुकटी असायची.

पण तिचा जीव साच्यात रमत नव्हता. साच्याला कितीही कुरवाळा, तो हूं की चूं करत नाही. तिला माणसाच्या पायाला हात लावायचा होता, बसलेल्याला उभे करायचे होते. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, आणि ते हातांची परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही. परीक्षेत समोर खरा माणूस बसवतात. गुडघ्याखाली तुटलेल्या त्याच्या पायावर सॉकेट बनवून बसवायचे, म्हणजे उरलेला पाय ज्यात उतरतो तो खोल प्लॅस्टिकचा पेला. मग घंटा व्हायच्या आत त्याला चालवून दाखवायचे. तो चालला नाही तर बाकी सगळे पाण्यात. ती दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची. त्यानंतर नाव कायमचे कापतात आणि माणूस उरलेला जन्म पट्ट्या भिजवतो.

दोन्ही वेळा घोटाळा एकाच जागी झाला होता. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा एक उंचवटा असतो. त्यावर मांस असे नसतेच, नुसती कातडी. तेवढी जागा सॉकेटने मोकळी सोडायची असते. परीक्षेतला माणूस उभा राहिला, कळवळला आणि तिथेच बोट ठेवून खाली बसला. पहिल्या वेळी तसेच, दुसऱ्या वेळी तसेच. तिला वाटे, परीक्षेच्या खोलीत आपले हात थरथरतात म्हणून असे होते. कारण घरी असे कधीच होत नव्हते.

घरी अप्पा होते, तिचे वडील. लाकडाच्या वखारीत ओंडका घसरला आणि त्यांचा पाय गुडघ्याखाली गेला, त्याला बरीच वर्षे झाली. तिचा सगळा सराव त्यांच्यावर. कामावरून आल्यावर ती त्यांना खुर्चीत बसवी, उरलेल्या पायावर पातळ मोजा चढवी, निळ्या पेन्सिलीने हाडांच्या जागा आखी आणि ओल्या पट्ट्या गुंडाळी. अप्पा पेपर वाचत बसत. "पाय गेला त्या दिवशीसुद्धा एवढी सरबराई झाली नव्हती," म्हणत. तिने बनवलेले सॉकेट घालून ते अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन येत. ती विचारी, "कसं वाटतं?"

"झकास," अप्पा म्हणत. नेहमी झकास.

परीक्षा आठवड्यावर आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी आई चहा गाळता गाळता म्हणाली, "तुझ्या बापाला काय झालंय कोण जाणे. लग्न झाल्यापासून स्वतःचा रुमाल धुतला नाही, आणि हल्ली मोजे धुतोय. दार लावून."

आई हसत होती. ती मात्र चहा न घेताच उठली. तिने न्हाणीघराचे दार ढकलले, आत अप्पा मोजा पिळत होते. बादलीतल्या पाण्याला फिकट गुलाबी रंग आला होता.

"पाय दाखवा, अप्पा."

"काय बघायचंय त्यात. घासलंय जरा."

"दाखवा."

त्या उंचवट्यावरची कातडी गेली होती. आत ओले, लाल मांस दिसत होते. भोवती जुन्या जखमांचे काळसर वण एकावर एक पडले होते, झाडाच्या कापलेल्या खोडात वर्षांची कडी दिसतात तसे.

"आधीच्या सॉकेटांनीही?"

अप्पा ओल्या मोज्याला पिळे देत राहिले. "तू विचारताना तोंड कसं करतेस ते तुला दिसत नाही. त्या तोंडाला कोण सांगणार, की दुखतंय म्हणून?"

ती उंबऱ्यावर बसली. रडू येईना. तिच्या ध्यानात आले की हात कधी थरथरलेच नव्हते. ते ठाम होते आणि चुकत होते. इतकी वर्षे तिने एकच चूक घोटून घोटून पक्की केली होती आणि तिच्यावर बापाचे झकास चढत गेले होते.

कार्यशाळेच्या मास्तरांना ती म्हणाली, "नाव मागे घेते माझं."

"मागे घेतलंस तरी संधी गेलेलीच धरतात," मास्तर म्हणाले. "बसायचं तर बस जाऊन."

अप्पांच्या पायाला आता हात लावायची सोय नव्हती. मग ती आईचा गुडघा चाचपू लागली. आई कोकलायची, "अगं, आंबा पिकलाय का बघतेस? माझं दुखलं तर मी गल्लीला ऐकवीन हो." आणि खरेच ऐकवायची. बसमध्ये ती पिशवी मांडीवर ठेवून पिशवीखाली स्वतःचे हाड शोधत राही. रस्त्यावर माणसांचे चेहरे तिला दिसेनासे झाले, नुसते गुडघे दिसत. घास तोंडात फिरत राही. हात शिकलेले विसरत नव्हते, आणि विसरायला वेळही नव्हता.

परीक्षेत तिच्यासमोर एक रंगारी बसवला होता. परांचीवरून पडून पाय गमावलेला, बोलका. तिने आखले, सॉकेट बनवून चढवले, त्याला दोन दांड्यांमध्ये उभे केले. परीक्षक बाई भिंतीपाशी कागद घेऊन उभ्या होत्या.

"कसं वाटतं?" तिने विचारले.

रंगाऱ्याने तिच्या तोंडाकडे पाहिले. "एकदम छान, ताई. चला, चालून दाखवतो."

तो पाऊल टाकणार तेवढ्यात तिने दांडीवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. "बसा."

"अहो, छान आहे म्हटलं ना."

"बसा, दादा."

"वेळ फार राहिलेला नाही," परीक्षक बाई म्हणाल्या.

तिने सॉकेट उतरवले, मोजा सोडला. त्याच जागी नाण्याएवढा लाल डाग होता. तिने गरम हवेची बंदूक उचलली. प्लॅस्टिक मऊ व्हायला वेळ लागतो, बाहेर दाबायला लागतो, निवायला तर सगळ्यात जास्त. रंगारी घड्याळाकडे बघत हळूच म्हणाला, "ताई, चार पावलांचा तर प्रश्न आहे. सोसलं असतं मी." ती प्लॅस्टिकवर फुंकर घालत राहिली. सॉकेट पुन्हा चढले. तो उभा राहिला, त्याच्या कपाळावरची आठी गेली, आणि घंटा झाली.

परीक्षक बाईंनी कागदावर रेघ मारली. "चालवायचं राहिलं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

बाहेर बाकावर अप्पा बसले होते. नको म्हटले तरी कुबड्या घेऊन आले होते.

"चालवलंस?"

"नाही. वेळ संपला."

"मग?"

"मग गेली, अप्पा."

अप्पांनी कुबड्या बाजूला सरकवल्या. ती त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. येणारेजाणारे बघत होते. तिने विजारीचा पाय वर गुंडाळला, पट्टी सोडली, जखमेच्या कडेला अंगठा टेकवला.

"इथं दुखतं?"

अप्पांच्या ओठांवर तो नेहमीचा शब्द आला होता. तिने मान वर केली नाही, तोंड त्यांना दिसू दिले नाही.

"तिथं नाही," ते म्हणाले. "जरा वर. अजून. हां, तिथं जीव जातो माझा."

तिने खिशातून निळी पेन्सिल काढली आणि जखमेपासून लांबून, जपून, गोल आखायला घेतला.