भोपाळची गाडी

धम्मपाल जाधव वरळीच्या बीडीडी चाळीतून आमच्या शाळेत यायचा. कपडे साधे, पण कॉलर नेहमी ताठ. खोटं बोलण्याची वेळ आली की तो गप्प बसे, त्यामुळे लगेच पकडला जाई. शाळेचा क्रिकेट संघ माझ्याकडे होता. धम्मपालची एकच खोड मला मोडता आली नाही. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू सोडून देणं त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

पुढे तो विद्यापीठाच्या संघात गेला. कर्णधार अभय सामंत, तोही माझाच विद्यार्थी. दोघं एका डब्यात जेवणारे.

शिवाजी पार्कवर त्यांचा उपांत्य सामना होता. जिंकायला थोड्या धावा उरल्या होत्या आणि धम्मपाल जम बसवून खेळत होता. बाहेर जाणारा एक चेंडू त्याने छेडला, यष्टीरक्षकाने झेलला. अपील अर्धवटच झालं, पंचांनी नकारार्थी मान हलवली. धम्मपाल मात्र स्वतःहून हातमोजे काढत तंबूकडे चालू लागला. मागचे भराभर बाद झाले आणि सामना गेला.

मैदानाकडेच्या त्यांच्या क्लबच्या तंबूत त्याची बांधलेली बॅग होती. सैन्याच्या निवड मंडळापुढे त्याला भोपाळला हजर व्हायचं होतं, आणि गाडी त्याच संध्याकाळी दादरहून सुटणार होती. सामना लांबला असता तर ती चुकली असती. बस, संशयाला तेवढं पुरलं. कोणाला तो सारखा घड्याळाकडे बघताना दिसला होता. कोणाची खात्री होती की बॅट लागलीच नव्हती. अभय त्याला स्टेशनवर पोचवायला गेला नाही.

धम्मपालची निवड झाली. चाळीत पेढे वाटले गेले, तंबूत त्या पेढ्यांकडेही लोक संशयाने बघत होते. मग लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर. सुट्टीत आला की तो मला भेटून जाई, पण पार्कात पाऊल टाकत नसे. त्याची आई कांताबाई मला एकदा म्हणाल्या, की सीमेवर राहणारा माझा पोरगा त्या मैदानाला भितो, तिथे काय झालंय? खरं काय, ते मलाही ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी तो कर्नल होऊन निवृत्त झाला. क्लबच्या जुन्या खेळाडूंचा जानेवारीत पार्कात सामना असतो, त्याला या वेळी तो आला. त्याचं स्वागत झालं. "या, कर्नलसाहेब," असं अभय म्हणाला आणि त्या 'साहेब'ने धम्मपालचा चेहरा उतरलेला मी कट्ट्यावरून पाहिला. एकाच डब्यात जेवणाऱ्याने ‘अहो’ करावं, याहून अविश्वास तो कोणता?

या सामन्यांत बाहेरचे पंच नसतात, फलंदाजी करणाऱ्या संघातलेच दोघे उभे राहतात. धम्मपाल खेळायला गेला तेव्हा पंच होता अभय. काही चेंडू बरे गेले. मग एक बाहेर जाणारा आला, त्याने बॅट घातली आणि यष्टीरक्षकाने झेल घेतला. अपील झालं. अभयने हात खालीच ठेवले आणि त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला.

धम्मपाल हातमोजे काढत चालू लागला.

डाव संपल्यावर अभय तंबूत त्याच्यासमोर येऊन बसला. "आवाज मला आला होता," तो म्हणाला. "मुद्दाम दिलं नाही आऊट. बघायचं होतं."

"मग बघितलंस?"

"बघितलं. तेव्हाही लागली होती?"

"लागली होती," धम्मपाल म्हणाला. मग हळूच पुढे म्हणाला, "पण तो चेंडू मी का छेडला, ते मला इतकी वर्षं कळलेलं नाही, अभ्या. गाडी डोक्यात होती. तुझा संशय खोटा आहे, असं मलाच कधी छातीठोक म्हणता आलं नाही."

अभयच्या ओठांच्या कडा हलल्या.

"आणि आज रे? आज कुठली गाडी पकडायची होती?"

धम्मपालने माझ्याकडे पाहिलं. तो शाळेत असल्यापासून मी ओरडत होतो, बाहेरचा चेंडू सोड म्हणून. तो हसू लागला, मग अभयही. मग अभयने आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी त्याच्यापुढे सरकवली.