सेनापतीला ओठ नव्हते

हेल्मेट निघालं आणि आत बाई होती.

मॉनिटरसमोर आम्ही चौघं बसलो होतो. पडद्यावर तिचे केस खांद्यावर पडले, तिनं मान वर केली आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबला. रेकॉर्डिस्टनं टेप मागे नेऊन पुन्हा लावली. पुन्हा बाईच.

दत्तू माझ्या शेजारी होता. नामपूरचा माणूस, खर्जातला आवाज. पहिल्या भागापासून या सेनापतीचा आवाज त्याचाच होता. तो हळूच म्हणाला, "काका, म्हणजे इतला दिन मी बाईना आवाज काढी राहिंतू?"

एरवी आम्ही हसलो असतो. पण हा भाग त्याच दिवशी संध्याकाळी सहाला चॅनेलवर जाणार होता आणि अजून डबिंग व्हायचं होतं.

नाशिकमध्ये घरोघरी केबल पोचली होती आणि लोकल चॅनेलं जोरात होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमचे राजूशेठ केबलचे मालक. त्यांनी मुंबईच्या एका वितरकाकडून एक जपानी मालिका आणली होती. एक तरुण मोटरसायकलवरून येतो, कमरेचा पट्टा फिरवतो, अंगावर चिलखत आणि डोक्यावर हेल्मेट चढतं, आणि तो राक्षसांशी लढतो. समोर शत्रूचा सेनापती. त्याच्या डोक्यावर कायम काळं हेल्मेट. आम्ही नायकाचं नाव किरण ठेवलं. सेनापतीला सेनापतीच ठेवलं.

मी संवाद लिहायचो. सातपूरची कंपनी बंद पडल्यावर हौशी नाटकांच्या अनुभवावर मला हे काम मिळालं. स्टुडिओ म्हणजे रविवार कारंजाजवळची एक खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले.

डबिंगमध्ये लेखकाचे खरे मालक म्हणजे पात्राचे ओठ. ओठ उघडले की शब्द सुरू, मिटले की शब्द संपला पाहिजे. याला लिप-सिंक म्हणतात. चांगलं वाक्य सुचतं, पण ओठ आधीच मिटलेले असतात. मग ते सोडून द्यावं लागतं. हेल्मेटला मात्र ओठ नसतात. तिथे लेखक मोकळा. सेनापती पडद्यावर आला की मी सैल सुटायचो. तो जपानीत दोन शब्द बोलायचा, मी त्याला चार वाक्यं द्यायचो. तो गप्प असला तरी द्यायचो.

मूळ आवाज ऐकू येत नव्हता का, असं कोणी विचारील. येत होता. पण तो यंत्रातून काढलेला, पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा घुमणारा. पुरुषाचा की बाईचा, हे सांगणं अवघड होतं. सुरुवातीच्या टेपांबरोबर इंग्रजीत थोडक्यात कथा यायची. पुढे तीही बंद झाली.

मग पुढच्या टेप आधी बघून घ्यायच्या होत्या, असंही कोणी म्हणेल. मी बघितल्या नाहीत. मशीन एकच होतं आणि तुळशीचं लग्न झालं की ते लग्नाच्या कॅसेटींच्या एडिटिंगला जुंपलेलं असायचं, असं कारण मी पुष्कळ वर्षं देत आलो. खरं तर दुपारी मशीन रिकामं असायचं. मी लिहिलेला सेनापती मला आवडायला लागला होता. तो पुढे काय करतो हे एखाद्या टेपनं मला सांगावं, हे मला नको होतं.

एक अडचण होती. हा सेनापती किरणला मारत नव्हता. किरण जखमी होऊन पडायचा, तलवार त्याच्या छातीशी यायची आणि सेनापती फौज घेऊन निघून जायचा. असं का, हे मुलांना सांगणं भाग होतं. मी त्याला एक हेतू दिला. तो मानी आहे. त्याला किरणला हरवायचंय, पण बरोबरीच्या लढाईत. मला हा हेतू फार शोभिवंत वाटला होता.

शुभांगीला तो पटला नव्हता.

शुभांगी आमची आवाजाची कलाकार. मखमलाबादला तिच्या घरचा फुलांचा मळा. सकाळी वडिलांबरोबर फुलबाजार करून ती स्टुडिओत यायची. मालिकेतल्या सगळ्या बायका, मुलं, म्हाताऱ्या आणि एक बोलका रोबो, हे सगळे तिचेच आवाज. तिला लिहायचं होतं. राजूशेठना तिनं तसं सरळ सांगितलंही होतं. पुढची मालिका मोठी आहे, दोन लेखक लागतील, काका हो म्हणाले तर तुझंही नाव टायटलमध्ये टाकू, असं शेठ म्हणाले होते. म्हणजे निर्णय माझ्या हातात होता आणि ते तिलाही माहीत होतं.

एका भागात किरण बर्फात बेशुद्ध पडलेला असतो. सेनापती त्याच्यावर वाकतो, त्याच्या गळ्याभोवतीचा मफलर वर ओढून नीट करतो आणि निघून जातो. तिथे मी लिहिलं होतं, 'हा गळा माझ्याच हातांनी आवळीन. पण आज नाही.' दत्तूनं वाक्य असं म्हटलं की रेकॉर्डिस्टच्याही अंगावर काटा आला.

शुभांगी म्हणाली, "काका, इथे तो बोलतच नाहीये. मूळ ट्रॅकवर शांतता आहे."

"मुलांना गप्प खलनायक कळत नाही."

"ज्याला गळा आवळायचाय तो मफलर कशाला नीट करील?"

"डिवचतोय तो."

"हे डिवचणं नाही. आमची आई असं करते, मी पहाटे मार्केटला निघाले की. मला तर ती बाई वाटते."

मी कागदावरून मान वर न करता म्हणालो, "अगं, अख्खी फौज त्याच्या हुकमात आहे." एवढ्यावर मुद्दा संपला असं मी धरलं.

आणि आता मॉनिटरवर ती बाई आमच्याकडे बघत होती.

राजूशेठना खालून बोलावलं. त्यांनी तो तुकडा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "या टेपा आधी कोणी बघितल्या होत्या?"

मी म्हणालो, "टेप चेक करायचं काम शुभांगीकडे आहे."

यातला शब्द न् शब्द खरा होता. टेप आल्या की त्या ती चेक करायची. चेक करणं म्हणजे चित्र फाटतं का, आवाज तुटतो का, हे टेप पळवत बघणं. गोष्ट बघणं हे लेखकाचं काम. शेठना हा फरक माहीत नव्हता. मला होता.

"एवढं दिसत नाही आणि म्हणे रायटर व्हायचंय," शेठ म्हणाले.

शुभांगीनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलीन म्हणून ती थांबली असावी. मी कागद जुळवत बसलो. ते आधीच जुळलेले होते.

मग उपाय सुरू झाले. शेठ म्हणाले, हेल्मेट निघायच्या आधीच कापा आणि थेट मोटरसायकल दाखवा. पण पुढची टेप लावून बघितली तर ती बाई त्यात सगळीकडे उघड्या चेहऱ्यानं वावरत होती. मी म्हणालो, हे सेनापतीचं मायावी रूप आहे असं लिहितो. रेकॉर्डिस्टनं विचारलं, मग खरं रूप कधी दाखवणार? दत्तूला वेगळीच काळजी. चौकाचौकांत पोरं त्याला सेनापती म्हणून सलाम ठोकायची. आता त्यांना काय तोंड दाखवू, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. घड्याळ कोणी बघत नव्हतं, कारण सगळ्यांनाच वेळ ठाऊक होती.

शुभांगी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "हिचा आवाज मी आधी दिलाय."

कोणाला कळलं नाही. तिनं पहिल्या भागाची टेप लावायला सांगितली. किरणचं गाव जळतं, त्यात त्याची थोरली बहीण जाते, असा तो भाग. बहीण एकाच प्रसंगात दिसते, दोन वाक्यं बोलते आणि आगीच्या पलीकडे नाहीशी होते. चेहरा तोच होता. आमच्यापैकी कोणाच्याही तो लक्षात राहिला नव्हता.

"ती मेली नाही," शुभांगी म्हणाली. "पकडली गेली. भावाला जिवंत ठेवायचं म्हणून त्यांची फौज सांभाळते. भाऊ आपल्याला आवाजावरून ओळखील ही तिला भीती आहे. म्हणून तिनं आवाज बदललाय. दत्तूभाऊंचा आवाज चुकलेला नाही. तो तिनं मुद्दाम घेतलेला आवाज आहे."

दत्तूचा चेहरा एकदम मोकळा झाला. "म्हणजे तिनी मना आवाज लिधा व्हता. मग ठीक शे."

वाक्यही तिनंच सांगितलं. अर्धं दत्तूचं, अर्धं तिचं. हेल्मेटला हात जातो तिथून दत्तूनं सुरू करायचं: 'आवाज ऐकून तू हाक मारशील, या भीतीनं मी माझा आवाज टाकून दिला होता.' हेल्मेट निघतं. आणि मग तिच्या आवाजात, पहिल्या भागातल्या बहिणीच्या आवाजात: 'आता मार हाक.'

दोघं एकाच माइकसमोर उभे राहिले. दत्तूनं वाक्य संपवून मागे व्हायचं आणि त्याचा श्वास विरायच्या आत तिनं उचलायचं. सुरुवातीला मधे फट पडायची आणि दोन माणसं आहेत हे उघडं पडायचं. शेवटी शुभांगीनं दत्तूचा खांदा धरून ठेवला आणि त्याचा श्वास सुटताना तिला हाताला कळला, तेव्हा टेक जमला. पुढे बहीण बराच वेळ नुसती बघत राहते. तिथे मी सवयीनं पेन काढलं. शुभांगी म्हणाली, "इथे काही नको." मग तिथे काही घातलं नाही. किरणच्या तोंडून फक्त 'ताई' आलं.

भाग सहाला गेला. दुसऱ्या दिवशी स्टुडिओचा फोन ठेवला की वाजत होता. पोरं दत्तूला रस्त्यात 'ताई' म्हणू लागली आणि तो पूर्वीपेक्षा जास्त मिजाशीत चालू लागला. राजूशेठ वर आले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "काका, खरं सांगा. पहिल्यापासून डोक्यात होतं ना तुमच्या?"

शुभांगी तेव्हा फुलबाजारात होती. मी म्हणालो, "थोडा सस्पेन्स ठेवावा लागतो, शेठ."

मालिका संपत आली तेव्हा शेठनी पुढच्या मालिकेच्या दुसऱ्या लेखकाबद्दल विचारलं. शुभांगीला घ्यायचं का? मी म्हणालो, "आवाज उत्तम आहे तिचा. लिखाण वेगळी गोष्ट आहे." ती लिहायला बसली असती तर हेल्मेट निघतानाचं ते वाक्य कोणाचं होतं हे थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळलं असतं. माझा हेतू एवढाच होता, त्यात शोभिवंत काही नव्हतं. बहिणीचा आवाज लागत होता तोवर ती काम करत राहिली. शेवटचा भाग झाल्यावर चप्पल घालताना तिनं मला विचारलं, शेठनी तुम्हाला विचारलं होतं का? मी म्हणालो, अजून नाही. ती पुन्हा आली नाही. पुढच्या मालिकेच्या टायटलमध्ये 'लेखन' या शब्दाखाली माझं एकट्याचं नाव गेलं.

मूळ जपानी भागात त्या बहिणीनं आपली काय बाजू मांडली होती, हे मला आजही माहीत नाही. नाशिकच्या मुलांना जी बाजू कळली ती शुभांगीची होती.

ती मुलं आता पोराबाळांची झाली आहेत. कॉलेज रोडला कोणीतरी थांबवतं आणि अर्ध्या वाक्यात आवाज बदलतो त्या जागेबद्दल बोलतं. मध्यंतरी जुन्या केबलवाल्यांचं स्नेहसंमेलन झालं. त्यात त्या एका जागेसाठी मला शाल आणि नारळ दिला. माझी ओळख करून देताना निवेदक म्हणाला की अशी कलाटणी सुचायला प्रतिभा लागते. दत्तू समोरच बसला होता. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी आल्यावर मला एका जागी बसवेना. या खोलीतून त्या खोलीत नुसता फिरत राहिलो.

शेवटी दत्तूकडून नंबर घेतला आणि शुभांगीला फोन केला. ती दिंडोरीला शाळेत शिकवते. मी ओळख सांगितली, शेठना काय काय बोललो होतो ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे तिच्याकडे कोणीतरी वह्या मागायला आलं, त्याला तिनं थांबायला सांगितलं. हे सगळं लिहून काढणार आहे, असं मी म्हणालो. तुझं नाव घालू की नुसतं 'एक सहकारी' म्हणू, असंही विचारलं.

"नाव घाला," ती म्हणाली. "तेव्हाही तेवढंच मागितलं होतं."

मी बरं म्हणालो.

"आणि काका, माफीबिफी लिहू नका. मग ते परत तुमच्याबद्दलच होईल."

म्हणून माफी लिहीत नाही. सेनापतीचं हेल्मेट निघतं त्या प्रसंगाचं लेखन शुभांगी मौले यांचं आहे. त्यातलं एकही वाक्य माझं नाही.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. शेवटची टेप आधी बघावी. आणि पात्र गप्प असेल तर ते का गप्प आहे हे खोलीत कोणाला कळलंय, ते विचारून घ्यावं.