आमच्या वहिनींची दोन नावं

उज्ज्वलाचा फोन आला तेव्हा मी अंगणात उन्हाला बसून ज्वारी निवडत होते. "आत्या, आई गेली... झोपेतच," एवढं बोलून माझी भाची गप्प झाली. तिच्या कॅनडातल्या घराचं घड्याळ मला इथे सोलापुरात ऐकू येतंय असं वाटत होतं. ते आमच्याच भिंतीवरचं होतं, हे नंतर लक्षात आलं. मग तिनं सावकाश विचारलं, "इथल्या फॉर्मवर आईचं दुसरं नावही विचारलंय. लिहू ना?" "लिही," मी म्हणाले. आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

दादाच्या लग्नात मी नऊ वर्षांची होते. नव्या नवरीचं नाव ठेवायचा मान एकुलती एक नणंद म्हणून माझा. मी बेधडक माझ्या वर्गशिक्षिकेचं नाव सांगितलं, मंदाकिनी. त्या बाई पोपटी साडी नेसायच्या आणि त्यांच्या पावडरीचा वास फळ्यापर्यंत यायचा, एवढंच कारण. दादानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ते नाव काढलं. वहिनी खाली मान घालून त्या तांदळाकडे बघत राहिल्या. त्या वाचताहेत असंच मला वाटलं. पण माहेरी, कर्नाटक सीमेवरच्या मैंदर्गीच्या कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या त्या, मराठी अक्षर त्यांना कुठलं येणार! स्वतःचं नाव वाचायला त्या पुढे माझ्याच शेजारी बसून शिकल्या. आधीचं नाव काय होतं, हे मी विचारलं नाही. घरात कुणीच विचारलं नाही.

वर्षं गेली. मी लग्न केलं नाही, शाळेत शिकवून निवृत्त झाले, आणि दादा गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. उज्ज्वलानं आईला कायमचं तिकडे बोलवायचं ठरवलं आणि आम्ही सात रस्त्याजवळच्या एका वकिलांकडे जाऊ लागलो. झेरॉक्सच्या दुकानावरचा अरुंद जिना चढताना वहिनी माझा हात धरायच्या. फॉर्म भरून झाले, फोटो निघाले, आणि कागद अडला. जन्मतारखेचा एकच पुरावा होता, शाळेचा दाखला, आणि त्यावर नाव होतं नीलव्वा. "दाखल्यावरच्या नीलव्वा आणि पासपोर्टवरच्या मंदाकिनी एकच, हे तिकडच्या ऑफिसला कोण सांगणार?" वकील म्हणाले. "मी सांगते की!" मी म्हणाले. "मॅडम, तुम्ही यांना नीलव्वा म्हणून कधी ओळखत होता?" ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते. लग्नाआधीपासून ओळखणाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा, नाहीतर अर्ज परत येईल, असं त्यांनी बजावलं. आता खरं सांगायला हरकत नाही... तो परत यावा, असंच मला आतून वाटत होतं. त्या गेल्या तर या घरात मी कुणाशी बोलणार होते?

वहिनींना भाऊ उरला नव्हता. "ल्हानपनीची मैतरीन शांतव्वा आसंल की," त्या म्हणाल्या, आणि आम्ही एसटीनं मैंदर्गीला गेलो. दुपार होती. ऊन असं पसरलं होतं की गल्लीतली घरं जमिनीवर टेकलेलीच नाहीत असं वाटावं. एका ओट्यावर शेळीच्या करडाला मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि ओरडली, "नीलव्वा! बारव्वा!" ये गं, म्हणत असावी. आणि आमच्या वहिनी, ज्यांचा आवाज स्वयंपाकघराबाहेर कधी ऐकू आला नव्हता, त्या चपला तिथेच टाकून धावल्या. मग दोघी कन्नडमधून बोलत राहिल्या. मला शब्द कळत नव्हते, पण वहिनी मोठ्यानं हसत होत्या, हातवारे करत होत्या, शांतव्वाच्या पाठीत गुद्दे घालत होत्या. एक अनोळखी मुलगी वहिनींचं लुगडं नेसून समोर बसलीय, आणि मी कुणाच्या तरी स्वप्नात चुकून शिरलेय, असं मला वाटत राहिलं. मध्येच शांतव्वानं मला मराठीत विचारलं, "हिचं नाव कुनी बदललं?" मी सांगितलं. ती मिश्कील हसली. "व्हय? मग आमची नीलव्वा कुटं ठिवलीस, बाई?" करडू माझ्या पदराचं टोक चघळत होतं.

परतीच्या एसटीत मी म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं." खिडकीबाहेर तुरीची रानं मागे सरत होती. "बारीक व्हता की तुमी, वन्सं," त्या म्हणाल्या. "आन् नाव बी ग्वाडच व्हतं. पर कुनीतरी इचारलं आसतं, तर लई बरं वाटलं आसतं..." अक्कलकोट येईपर्यंत, अर्ज परत यावा ही इच्छा माझ्या मनातून गेली होती.

शांतव्वानं सोलापुरात येऊन वकिलांसमोर अंगठा उठवला, अर्ज गेला आणि बऱ्याच महिन्यांनी व्हिसा आला. वहिनी कॅनडाला गेल्या. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. बर्फाचं सांगायच्या, भाकरी थापायला परात मिळत नाही म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "हितं समद्यास्नी मी नीलव्वाच सांगितलंय. नात तर नावानंच हाका मारती, आजी न्हाय म्हनत. मी म्हनलं, मार!" आणि तसंच हसल्या, मैंदर्गीसारखं. मला धीर आला. इतक्या वर्षांनी मी विचारलं, "मीही तुम्हाला नीलव्वा म्हणू का?"

"नगं, वन्सं," त्या म्हणाल्या. "नीलव्वा म्हनाया आता लई जनं हायती. मला वहिनी म्हननारं तुमी एकल्याच हाय की."

परवा नवी पेठेतून सामान घेऊन आले, कुलूप काढलं, आणि उंबऱ्यातूनच पूर्वीसारखी म्हणाले, "वहिनी, आले हं." म्हणून झाल्यावर कळलं, ऐकायला आता वहिनी तिकडेही नाहीत. तरी पिशवी हातात घेऊन थोडा वेळ तिथेच थांबले.