पणजोबाच्या मृत्यूचे साल

माझे वडील वारले तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. घरात खाणारी अकरा माणसं होती आणि जमीन चौतीस एकर बारा गुंठे, एकाच तुकड्यात, धारूरच्या किल्ल्यापासून पाऊण कोसावर. ती इनामी होती. निजाम सरकारात इनामी जमिनीचा मालक गेला की ती आपोआप मुलाच्या नावावर चढत नसे. आधी विरासतीची चौकशी व्हायची. मूळ इनाम ज्याला मिळालं त्याच्यापासून आपल्यापर्यंत एकेक पिढी कागदाने दाखवावी लागायची. ती दाखवता आली नाही, तर जमीन सरकारजमा.

वडिलांच्या वेळच्या अधिकाऱ्याने आजोबांपर्यंत विचारलं आणि सोडून दिलं. माझ्या वाट्याला आलेला अधिकारी कागद तळापासून वाचणारा होता. त्याने नोटीस काढली की मूळ इनामदार रिसाल्यातला फिरंगी साहेब दिसतो, अर्जदार हिंदू शेतकरी आहे, तरी नातं सिद्ध करावं. मुदत नव्वद दिवसांची.

नातं खरं होतं. माझे पणजोबा इंग्रज होते. निजाम सरकारच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, नोकरीला होते आणि आमच्याच भागातली एक विधवा शेतकरीण त्यांच्या घरी राहत होती. ती माझी पणजी. साहेब तापाने गेला तेव्हा ती लहान मुलाला घेऊन भावाच्या घरी परतली. भावाला मूल नव्हतं. त्याने भाच्याला आपलं नाव दिलं आणि पुढे सगळे तेच नाव लावत आले. हे आजोबांनी वडिलांना सांगितलं, वडिलांनी मला. माझ्याखेरीज फक्त काकांना, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाला, ते ठाऊक होतं. माझ्या बायकोलासुद्धा मी नोटीस आल्यावर सांगितलं. तिने हातातली परात खाली ठेवली. मग म्हणाली, "जमीन ऱ्हाईल ना पण?"

मी कचेरीत जाऊन हलफनामा, म्हणजे शपथेवरचा जबाब, लिहून दिला की माझे आजोबा त्या साहेबाचे पुत्र होते. पुरावा नंतर आणतो म्हणालो. आयुष्यात मी आधी मोजून मग बोलणारा माणूस. या एकाच वेळी आधी बोललो.

पुरावा म्हणजे घरात एकच कागद होता, सरकारची सनद. ती फारसीत होती. मला फारसी येत नाही, पण आकडे वाचता येतात. मजकूर काय आहे हे तहसिलीतल्या मराठी नकलेवरून माहीत होतं. साहेबाला, त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलाला आणि पुढच्या वंशाला ही जमीन दिली आहे. नकलेत नुसतं साल लिहिलेलं होतं. सनदेवरचा आकडाही तोच, हे मी डोळ्यांनी ताडून पाहिलं होतं.

दुसरा पुरावा जालन्याला मिळेल असं वाटलं. साहेबाचा रिसाला तिथल्या छावणीत होता आणि छावणीच्या गिरजाघरात जन्माच्या, लग्नाच्या आणि मरणाच्या वह्या ठेवतात असं कळलं होतं. काका आणि मी बैलगाडी जुंपून निघालो. बीड, गेवराई, शहागडला गोदावरी, मग अंबड. पाच दिवस लागले. वाटेत कुणी विचारलं तर बैल बघायला चाललोय असं सांगायचं, हे काकांनी ठरवलं. ते प्रत्येक मुक्कामी बैलांबद्दल इतकं तपशिलाने खोटं बोलले की अंबडला एकाने खरोखरच जोडी आणून दाखवली.

गिरजाघराच्या शाळेत एक मराठी ख्रिस्ती मास्तर होते. पादरी साहेबाच्या परवानगीने त्यांनीच वह्या काढल्या. जन्माची वही बघून माझी निम्मी आशा गेली. आम्हाला हवी ती सगळी पानं वाळवीने खाल्ली होती. उरलेल्या कागदाला चाळणीसारखी भोकं होती. लग्नाच्या वहीत काही निघालं नाही, आणि निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. मरणाची वही मात्र धड होती. मास्तर बोट फिरवत गेले आणि एका ओळीवर थांबले.

"हे बघा. नाव तेच. हुद्दा तोच. वय एकोणचाळीस. कारण ताप. पुरल्याची तारीख ही."

मला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण इंग्रजी मुलखातल्या बार्शीच्या बाजाराशी व्यवहार असल्याने इंग्रजी आकडे आणि इंग्रजी सन चांगले ओळखीचे होते. मास्तरांनी ओळीची नक्कल करून दिली, पादरी साहेबाने सही-शिक्का केला. साहेब तापाने गेला ही घरातली गोष्ट आता कागदावर होती. काका बाहेर गाडीशी बसले होते. मला हसताना बघून त्यांनी बैलांच्या पाठीवर थाप मारली.

परतताना अंबडच्या वाटेवर मी पाटीवर हिशेब मांडला. सारा, पावत्या, पाहणी, सगळं आयुष्यभर मी फसली, म्हणजे महसुली सालातच बघत आलो होतो. फसलीत पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी सन येतो. सनदेच्या सालात मी पाचशे नव्वद मिळवले आणि खाली गिरजाघराच्या नकलेवरचा सन मांडला. उत्तर उलटं आलं. पुसलं, पुन्हा मांडलं. तिसऱ्यांदा मांडलं तेव्हाही तेच आलं. सनद मिळाली तेव्हा साहेब मरून दोन वर्षं झाली होती.

मेलेल्या माणसाला सरकार जमीन देत नाही. मेलेल्या माणसाला नुकतंच मूलही होत नाही. म्हणजे सनद बनावट होती, किंवा पणजीने दुसऱ्याचं मूल साहेबाचं म्हणून दाखवलं होतं. आणि मी सरकारी अधिकाऱ्यासमोर हलफेवर सांगून बसलो होतो. खोट्या हलफेला तुरुंग होता. घरची अकरा माणसं मी एकेक करून मोजली आणि मला वगळून दहा जणांचं काय होईल ते डोळ्यापुढे आलं.

दोन दिवस मी काकांना काही सांगितलं नाही. शहागडला नावेत बसल्यावर त्यांनीच विचारलं.

"काय झालं? जालन्यात हसत होतास, आता कावून गप हायस?"

मी हळू आवाजात सांगितलं. नावाडी दुसऱ्या टोकाला होता. काकांनी नदीकडे बोट केलं.

"टाक ते पाण्यात," ते म्हणाले.

"काय?"

"पादऱ्याचा कागद. गिरजाघरात काय गावलं न्हाई म्हणून सांगू."

"वहीत तर राहील ना काका."

"वही बघाया कोण जातंय? आपुन गेलतो, कारण आपल्याला गरज होती."

"अधिकारी स्वतः लिहून मागवेल. तो तसाच माणूस आहे."

"तुझ्यासारखा," काका म्हणाले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "माझी आजी खोटं बोलली म्हणतोस तू?"

ती त्यांची आजी. त्यांनी तिला पाहिली होती, तिच्या मांडीवर जेवले होते. मी म्हणालो, "मी काही म्हणत नाही. आकडे म्हणतात."

"मंग आकड्याला सांग, ती लई देवभोळी बाई होती."

नाव काठाला लागेपर्यंत कागद माझ्या बंडीच्या आतल्या खिशात होता आणि माझा हात त्याच्यावर होता. तो पाण्यात टाकायला धीर लागतो, तो मला नव्हता. अधिकाऱ्यापुढे ठेवायलाही धीर लागतो, तोही नव्हता. बीड येईपर्यंत मी ठरवलं की जमीन सोडायची. आपणहून दावा मागे घेतला तर हलफेचं प्रकरण निघणार नाही, निदान निघण्याचा संभव कमी. चौतीस एकर बारा गुंठे जातील. माणसं दुसऱ्याच्या शेतात राबतील, पण मी घरी असेन.

बीडला कचेरीबाहेर एक म्हातारे मुसलमान मुन्शी अर्ज लिहायला बसायचे. सतरंजी, डेस्क, जस्ताची दौत. आमच्या घरचे दोन-तीन अर्ज त्यांनीच लिहिलेले. मी त्यांच्यापुढे बसलो आणि म्हणालो, "दावा मागे घेतोय. उर्दूत लिहून द्या."

त्यांनी कारण विचारलं नाही. कलम बुडवलं. "सनदेची तारीख?"

मी साल सांगितलं.

"तोंडी नको, पाटील. कागद दाखवा. तोंडी तारखेवर मी एकदाच अर्ज लिहिला, त्या माणसाची विहीर शेजाऱ्याला गेली."

मी सनद काढून दिली. त्यांनी भिंग लावून वाचली. पुन्हा वाचली. कलम खाली ठेवलं.

"साल कोणतं म्हणालात?"

"फसली."

"कुणी सांगितलं?"

"सारा फसलीतच भरतो की आम्ही."

"साऱ्याची पावती आहे का ही?" त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हे वाचा. येत नाही ना, मग ऐका. सफर. मोहरमच्या पुढचा महिना. चांदाचा. महसुली सालात सफर कुठून आला? दरबारची सनद आहे, साल हिजरी आहे."

मोहरमचे ताबूत दर साली अकरा दिवस अलीकडे येतात, कधी पावसाळ्यात बसतात, कधी उन्हात, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. बत्तीस-तेहतीस वर्षांत एक वर्ष वाढतं हे कुणी विचारलं असतं तर मी तोंडी सांगितलं असतं. पण नकलेत नुसता आकडा होता आणि माझ्या डोळ्यांना आकडा दिसला की तो फसलीच असायचा.

मुन्शीजींनी गठ्ठ्यातून तारखा ताडायची जुनी जंत्री काढली. आम्ही दोघांनी मिळून मांडलं. सनद मी समजत होतो त्याच्या सहा वर्षं आधीची होती. साहेब सनदेनंतर जवळजवळ चार वर्षं जगला होता.

"अजून दावा मागे घेता?" मुन्शीजींनी विचारलं.

काका मागे उभे होते. ते म्हणाले, "न्हाई घेत. आन् मुन्शीजी, अर्जात लिहा, आजी खरं बोलली."

"हे कोणत्या कलमाखाली लिहू?" म्हातारबाबा म्हणाले, आणि नवा कागद घेतला.

चौकशी मुदतीच्या चार दिवस आधी झाली. अधिकाऱ्याने सनद बघितली, गिरजाघराची नक्कल बघितली, हिजरीचं इंग्रजी स्वतः करून पाहिलं. मी समोर उभा राहून त्याच्या ओठांची हालचाल बघत होतो. एकदा ओठ थांबले. मग त्याने मान हलवली. पण हुकूम लगेच झाला नाही. आधी गावात इश्तिहार लावायचा, दवंडी द्यायची, आणि कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत कळवायची, असा कायदा होता.

इश्तिहारात सगळं होतं. मूळ इनामदार फिरंगी, त्याचा मुलगा, नातू, पणतू. दवंडी देणारा चावडीपुढे उभा राहून ते मोठ्या आवाजात सांगत होता तेव्हा मी घरात बसून होतो. डफ थांबला की शब्द स्पष्ट ऐकू यायचे. बायकोने उगाच जातं फिरवायला घेतलं, पण त्यात धान्य नव्हतं.

भाऊबंद पंगतीतून उठवतील एवढीच भीती नव्हती. ज्या कुणाला आमच्या जमिनीवर डोळा असेल त्याला आता फक्त एक अर्ज लिहायचा होता. फिरंग्याचं रक्त, विधवेचं मूल, हक्क कसला? मी रोज सकाळी दिवस मोजायचो. धारूरच्या बाजाराला जाणं बंद केलं. आळीत दोघे बोलताना दिसले की वाट बदलायचो. चुलत घरातल्या एका बारशाचं बोलावणं आलं नाही. ते विसरले की टाळलं, हे मला अजून माहीत नाही.

तेविसाव्या दिवशी आमच्या बांधाला बांध असलेला शेतकरी दारात आला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याचं शेत आमच्या उत्तरेला, आणि जमीन सरकारजमा झाली असती तर लिलावात पहिला तोच उभा राहिला असता. तो ओट्यावर बसला, पाणी प्यायला.

"दवंडी आयकली," तो म्हणाला.

"हो."

"तुझं नाव चढणार म्हनं."

"हरकत नसेल तर."

"तेच बोलायला आलो."

मी विचारलं, "तुझी हरकत आहे?"

"हाय तर." त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "उत्तरेच्या बांधावर दोन चिंचा हायेत. तुझा बाप म्हणायचा दोन्ही आमच्या. माझा बाप म्हणायचा एक आमची. तुझं नाव कागदावर चढलं की मंग कोण आयकतंय माझं? नाव चढायच्या आधी मोजून टाक."

मी विचारलं, "बाकी काही नाही?"

"बाकी काय?"

"दवंडीत जे सांगितलं ते."

"तुझा पणजा फिरंगी का अरबी, मला काय करायचंय बे? चिंच कुणाची, ते सांग."

काका, मी आणि तो, तिघे साखळी घेऊन गेलो. दगडापासून दगडापर्यंत दोनदा मोजलं. पूर्वेकडची चिंच आमच्या हद्दीत निघाली. पश्चिमेकडची तीन हात त्याच्या बाजूला होती. वडील आयुष्यभर तिची चिंच झोडत आले होते. मी तिथेच मुन्शीजी लिहितात तशा थाटाचा कागद लिहून दिला, त्याने अंगठा केला. त्या क्षणी त्याने दोन्ही झाडं मागितली असती तरी मी दिली असती, पण तो मापाच्या पुढे एक बोटही गेला नाही.

उरलेल्या सात दिवसांत कुणी आलं नाही. एकतिसाव्या दिवशी जमीन माझ्या नावावर चढली. चौतीस एकर बारा गुंठे, त्यातून पश्चिमेची चिंच वजा.