आमच्या घरच्या साहेबाची सुट्टी

दादाने सांगितलं का नाही?

हे मी बाबांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, देवळात जाऊनही विचारलं. बाबा उठून विहिरीवर गेले. डॉक्टरांनी माझीच नाडी बघितली. आणि देव तर पहिल्यापासून कमी बोलणारा. दादाला क्षय होता. त्याच्या खोलीतल्या सोबत्याने मागाहून पत्र लिहिलं, त्यात होतं की मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला दिवाळीतच तसं सांगितलं होतं. म्हणजे नाताळच्या सुट्टीत तो रत्नागिरीला घरी आला तेव्हा त्याला ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं. आम्ही मजेत होतो!

आता मिरकरवाड्यात कुणीही भेटलं की त्या सुट्टीतला एक किस्सा निघतोच. जाळं झाडताना खेकडे निघतात तसे. नको असतात, पण सुटता सुटत नाहीत. माझी शाळा तिसरीत संपली, तेव्हा जमेल तसे सांगतो.

*

आधी आमचा धंदा. मुंबईची आगबोट खोल पाण्यात उभी राहते, उतारू आमच्या पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, उतरतात. ओहोटी असली की पडाव धक्क्यापर्यंत जात नाही. मग आम्ही खलाशी पाण्यात उतरून एकेक उतारू खांद्यावर बसवतो आणि कोरड्या वाळूत नेऊन ठेवतो. त्याचे पाय आम्ही छातीशी धरायचे, त्याने आमचं डोकं धरायचं. मोठमोठे वकील माझे केस धरून किनाऱ्याला लागले आहेत.

दादा कधी खांद्यावर बसला नाही. कॉलेजात गेल्यावरही पाटलोण गुंडाळून माझ्याबरोबर पाण्यातून चालायचा. यंदा पडावाच्या कडेला येऊन हळूच म्हणाला, "सख्या, मला घे रे."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "या साहेब! डोकं घट्ट धरा, नायतर बूट भिजतील."

सगळा पडाव हसला. दादाही हसला. वजनाला तो काहीच नव्हता. मी सुकाणूवरच्या आमच्या तांडेलाला, राघोबाला, ओरडून सांगितलं की इंग्रजी शिकलं की माणूस हलका होतो. हा विनोद मी पुढे आठवडाभर वापरला.

*

आईने त्याच्यासाठी पितळी पेला घासून लखलखीत केला होता. साहेबांनी पेटीतून निळ्या काठाचा एनॅमलचा मग काढला. ताटही वेगळं मागितलं. दोन्ही स्वतः राखेने घासायचा, वर कढत पाणी ओतायचा. निजायला ओटीवर, एकटा. आई म्हणाली, "आमची भांडी चालत नाय काय रे तुला आता?" त्याने सांगितलं, हॉस्टेलात अशीच सवय लागते.

बाबांना ती सवय फार आवडली. मुंबईत प्रत्येकाचा कप वेगळा असतो, असं त्यांनी वाडीभर सांगितलं. यशवंत म्हणजे दादाचा लहानपणचा दोस्त. त्याने घरी जाऊन लगेच वेगळा कप मागितला. त्याची बायको म्हणाली, कप वेगळा हवा तर चूलही वेगळी मांडा.

मला मात्र राग आला. एका सकाळी तो मग उचलला आणि समुद्रात भिरकावला. म्हटलं, आता पी आमच्या पेल्यातून. दुसऱ्या दिवशी दादाने एक करवंटी घासून गुळगुळीत केली आणि तिच्यातून चहा प्यायला.

यशवंत म्हणाला, "गेला होता साहेब व्हायला, झाला गोसावी."

*

बहीण काशी सासरहून, नाटे गावाहून आली, सात महिन्यांची पोर मामाला दाखवायला. मामा उंबऱ्याच्या आत येईना. घे म्हटलं तर म्हणे, मला धरता येत नाही. मी पाच वर्षांचा होईपर्यंत याच माणसाने मला कडेवर वागवलं होतं!

काशी फणकारली, "नको घेऊस. कोटाला मासळीचा वास लागेल."

मग मामाने अंगणाच्या पार टोकाला माडाखाली उभं राहून टोपी डोळ्यांवर ओढायची आणि काढायची, असा खेळ सुरू केला. पोर इकडे खिदळून लाल. चार दिवस हेच. शेवटी शेजारीण विचारायला आली की अंगणात हे बुजगावणं कशाला उभं केलंय.

पोर ठणठणीत आहे. आता भिंतीला धरून उभी राहते.

*

यशवंत, दादा आणि मी किल्ल्यावर निघालो. चढणीवर दादा तीनदा बसला. दर वेळी म्हणाला, "बसा रे, जरा समुद्र बघू." आम्ही दर्यावर पोट भरणारी माणसं, पण समुद्र बघायला तीनदा बसलो. यशवंताने विचारलं, मुंबईत समुद्र नाय काय?

"हाय ना," दादा म्हणाला. "पण तिथे तुम्ही नसता."

असली वाक्यं कॉलेजात शिकवत असणार. किल्ल्यावर काही आम्ही पोचलो नाही.

*

जायच्या आदल्या दिवशी बाबांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या गावकराने नारळ हातात घेऊन देवाला सगळं समजावलं: पोरगा पास होऊ दे, कस्टमात चिकटू दे, चांगल्या घरची मुलगी मिळू दे. प्रत्येक मागणीला आम्ही सगळे मागून "होय महाराजा" म्हणत होतो. मग गावकर दादाला म्हणाला, तुझं काय ते तू माग.

दादाने मागितलं, "माझ्यापासून घरात कुणाला दुखणं होऊ नये."

गावकर वैतागला. "अरे, एवढंच मागायला मुंबईला शिकायला जावं लागतं काय?"

आणि आम्ही सवयीने म्हणालो, "होय महाराजा!"

*

जाताना पुन्हा ओहोटी होती. मी त्याच्यापुढे वाकून उभा राहिलो.

"तू पेटी घे," दादा म्हणाला. "मी येतो चालत. नायतर बूट भिजतील म्हणशील." हसत म्हणाला. मी पेटी घेतली. तो मागून कमरेएवढ्या गार पाण्यातून आला, दोनदा थांबला. मी वळून विचारलं, "समुद्र बघतोस काय?"

पेटी कोरडी राहिली.

*

फाल्गुनात तार आली. बाबा मुंबईला पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. आठ दिवसांनी ते आगबोटीने परतले. बरोबर ती पेटी.

त्या दिवशी भरती होती. पडाव थेट धक्क्याला लागणार होता. धक्का थोडा लांब असतानाच मी पाण्यात उतरलो आणि पेटी मागितली.

राघोबा म्हणाला, "सख्या, अरे भरती हाय. धक्का समोर दिसत नाय काय?"

बाबा म्हणाले, "दे त्याला."

पाणी छातीपर्यंत होतं. मी पेटी मानेवर बसवली, दोन्ही कड्या दोन हातांत धरल्या आणि वाळूकडे निघालो.

"डोकं घट्ट धर," मी म्हणालो.